नाकातला पॉलिप कापला तरी परत का येतो? इंदूरच्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी घरांत नाक चोंदण्याला तीन ठरलेली निदानं आहेत: जुनी सर्दी, सायनस झालाय, नाकाचं हाड वाढलंय. राजेंद्रनगर असो की रामबाग, चौथं निदान क्वचितच ऐकू येतं. खाली ज्या आजाराबद्दल लिहिलंय तो या तिन्हींत हरवतो. सायनसचा दीर्घकालीन दाह आणि त्यासोबत नाकात पॉलिप, असा हा आजार. मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवते. नाक-कान-घशाची डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी किती घ्यायची हे माझ्याकडून मिळणार नाही. नाकाच्या आत काय बिनसतं आणि ते पुन्हा का उलटतं, एवढं सांगता येईल.

डॉक्टर म्हणाले पॉलिप आहे, शेजारचे काका म्हणतात हाड वाढलंय. दोन्ही एकच ना?

नाही. नाकाच्या मधला पडदा वाकडा असतो किंवा बाजूच्या भिंतीवरची टर्बिनेट (मऊ अस्तराने झाकलेली वळकटीसारखी हाडं) फुगलेली असतात, तेव्हा लोक हाड वाढलं म्हणतात. पॉलिप म्हणजे सायनसच्या अस्तराला आलेली सूज. बहुतेक वेळा ती दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड सायनसपासून सुरू होते, पाण्याने फुगत जाते आणि नाकाच्या पोकळीत लोंबू लागते. दिसायला सोललेल्या द्राक्षासारखी: फिकट, राखाडी, किंचित पारदर्शक. डॉक्टरांनी सळई लावून पाहिली तर टर्बिनेटला दुखतं, पॉलिपला फारसं काही कळत नाही, कारण त्यात संवेदना नेणाऱ्या नसा जवळजवळ नसतातच. दोन्ही नाकपुड्यांत असलेला असा पॉलिप हा सहसा कॅन्सर नसतो.

साधी सर्दी आणि हा आजार यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

कॅलेंडर बघून. नाक चोंदणं किंवा वाहणं, आणि त्यासोबत चेहऱ्यावर दाब किंवा वास कमी येणं, हे १२ आठवडे वा त्याहून जास्त टिकलं तर ते दीर्घकालीन धरतात. पण लक्षणांवरून निदान पक्कं होत नाही. दुर्बिणीने किंवा सीटी स्कॅनमध्ये दाह दिसावा लागतो.

एक खूण मात्र मला महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वास जाणं. पॉलिप नसलेल्या सायनसच्या रुग्णांत दुखणं जास्त, पॉलिप असलेल्यांत वास जाणं जास्त. हिंगाची फोडणी कळत नाही, पोह्यांवर जिरावण घातलंय की नाही हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं, अशी तक्रार असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. स्वयंपाकघरात गॅस गळत असेल आणि तुम्हाला वासच येत नसेल, तर धोका तुमच्यापुरता राहत नाही.

पण नाकात असं बिनसतं तरी काय? कुणी नीट सांगतच नाही.

हा खरा प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल.

नाकाच्या अस्तरावर पेशींचा एक सलग थर असतो. पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात, वर श्लेष्म्याचा पातळ थर असतो, आणि अतिसूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून तो श्लेष्मा घशाकडे ढकलत राहतात. धूळ, जंतू, परागकण त्यात अडकून पोटात जातात आणि संपतात. दिवसभर हे काम चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो.

पॉलिपच्या रुग्णांत हा थर गळका झालेला असतो. पेशींमधले सांधे सैल पडतात. घरातल्या धुळीत राहणाऱ्या माइटमध्ये आणि आल्टर्नेरियासारख्या बुरशीत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, ती हे सांधे आणखी उसवतात. दुखावलेल्या अस्तराच्या पेशी मग तीन इशारे सोडतात: टीएसएलपी, इंटरल्यूकिन-२५ आणि इंटरल्यूकिन-३३. हे रेणू एरवीही इजा झाली की सुटतात. इथे फरक इतकाच की ते सुटत राहतात, थांबत नाहीत.

हे इशारे ऐकणाऱ्या पेशींपैकी एक मंडळ अलीकडेच कळलं. आयएलसी-२ नावाच्या लिम्फॉइड पेशींची ओळख २०१० च्या सुमाराची. त्यांना आधी कुठला जंतू भेटलेला असण्याची गरज नसते. इशारा मिळाला की त्या लगेच इंटरल्यूकिन-५ आणि इंटरल्यूकिन-१३ सोडू लागतात. मागोमाग टी-मदतनीस पेशींचा दुसरा प्रकार येतो आणि त्यात इंटरल्यूकिन-४ ची भर घालतो. या तिघांची कामं वाटलेली आहेत. इंटरल्यूकिन-५ इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढवतं आणि त्यांना जगवून ठेवतं. इंटरल्यूकिन-४ बी-पेशींना आयजीई हे प्रतिपिंड बनवायला लावतं. इंटरल्यूकिन-१३ श्लेष्मा वाढवतं, सूक्ष्म केसांचं काम मंदावतं आणि पेशींचे सांधे अधिक सैल करतं. सांधे सैल झाले की पुन्हा धूळ आत, पुन्हा इशारे. वर्तुळ इथे पूर्ण होतं आणि मग मूळ कारण निघून गेलं तरी ते स्वतःच्या जोरावर फिरत राहतं.

या सगळ्याला दुसऱ्या प्रकारचा दाह म्हणतात. ही यंत्रणा मुळात आतड्यातल्या जंतांना हाकलण्यासाठी आहे: भरपूर श्लेष्मा सोडा, इओसिनोफिल पाठवा, परजीवी बाहेर काढा. नाकात जंत नाहीत, तरी ती चालू झालेली आहे.

सगळ्यांचा पॉलिप असाच असतो का?

नाही, आणि उपचाराच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. काहींच्या पॉलिपमध्ये इओसिनोफिलऐवजी न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी भरलेल्या असतात. तिथे इंटरफेरॉन-गॅमा किंवा इंटरल्यूकिन-१७ यांचा जोर असतो, म्हणजे पहिल्या वा तिसऱ्या प्रकारचा दाह. युरोप-अमेरिकेत पॉलिपचे बहुतेक रुग्ण दुसऱ्या प्रकारचे. चीन, कोरियात बाकीच्या दोन प्रकारांचे आणि मिश्र रुग्ण तुलनेने जास्त. न्यूट्रोफिलवाल्या पॉलिपवर स्टेरॉइडचा परिणाम कमी होतो. शेजारणीला जे औषध लागू पडलं ते तुम्हाला पडलं नाही, याचं कारण पुष्कळदा इथे असतं. बाहेरून दोन्ही पॉलिप सारखेच दिसतात.

सूज म्हणता, मग ती उतरत का नाही? पायाची सूज तर उतरते.

इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांच्या प्रभावाखाली अस्तरातलं टीपीए नावाचं एन्झाइम कमी होतं. त्याचं काम फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धागेदार प्रथिनाची, जाळी विरघळवणं. उलट बाजूने मॅक्रोफेज पेशी फॅक्टर तेरा-ए नावाचं दुसरं एन्झाइम जास्त बनवतात, ते फायब्रिनचे धागे एकमेकांना पक्के बांधतं. गळक्या रक्तवाहिन्यांतून आलेलं पाणी या जाळीत अडकतं आणि जेलसारखं बसून राहतं. लोक मांस वाढलं म्हणतात खरे, पण पॉलिपमध्ये बराचसा भाग पाणी आणि जाळीचा असतो.

शेंबूड हिरवा-पिवळा आहे म्हणजे जंतुसंसर्गच ना? अँटिबायोटिक घेऊ का?

रंगावरून ठरवू नका. हिरवट रंग न्यूट्रोफिलमधल्या एका एन्झाइममुळे येतो, त्यात लोह असतं. जिथे या पेशी जमतील तिथे रंग येईल, जंतू असोत वा नसोत. मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांचा अँटिबायोटिकचा पत्ता दर महिन्याला आणायची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे, तिचा या आजारात उपयोग जवळजवळ शून्य आहे. तोटा मात्र आहे.

जंतूंचा संबंधच नाही असंही नव्हे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू पॉलिप असलेल्या नाकांत जास्त वेळा ठाण मांडून बसलेला आढळतो. त्याची काही विषं सुपरअँटिजेन असतात. सर्वसाधारण अँटिजेन, म्हणजे प्रतिकाराला चेतवणारा परका रेणू, हजारो टी-पेशींतल्या एखाद-दुसरीला जागं करतो, सुपरअँटिजेन एका झटक्यात मोठ्या संख्येने टी-पेशी चेतवतो. बेल्जियममधल्या गेंट इथल्या क्लाउस बाखर्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की काही पॉलिपच्या ऊतीत या विषांविरुद्धचं आयजीई प्रत्यक्ष सापडतं आणि अशा पॉलिपमध्ये इओसिनोफिलचा दाह अधिक तीव्र असतो. म्हणजे जंतू इथे संसर्ग करून पू आणण्यापेक्षा चुकलेल्या प्रतिकाराला चिथावत बसतो. डॉक्सिसायक्लिनचा सुमारे तीन आठवड्यांचा कोर्स दिल्यावर पॉलिप थोडा लहान होतो असं २०१० मधल्या एका चाचणीत दिसलं होतं, पण फरक माफक होता.

माझी ऍलर्जी टेस्ट निगेटिव्ह आली. मग आयजीई कुठून आलं?

पॉलिपमधूनच. त्वचेवरची टोचणी-चाचणी आणि रक्ताची चाचणी शरीरभर फिरणारं आयजीई पाहतात. पॉलिपमध्ये मात्र बी-पेशी जागेवरच प्रतिपिंडं बनवत असतात, त्यातली सगळी रक्तात उतरतातच असं नाही. त्यामुळे रक्त स्वच्छ आणि नाकात आयजीईचा पूर, हे शक्य आहे.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. पॉलिप म्हणजे वाढलेली ऍलर्जी, असं सरसकट सांगितलं जातं. पण ऍलर्जी असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी पॉलिप होत नाही, आणि पॉलिप असलेल्या अनेकांना कसलीच ऍलर्जी नसते. ऍलर्जी असेल तर ती आगीत तेल ओतते, एवढंच.

आमचं मंडीत सोयाबीनचं काम आहे. त्या धुळीने पॉलिप होतो का?

माळव्यात हा प्रश्न यायलाच हवा. सोयाबीनच्या धुळीने दमा उठतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात ठरावीक दिवशी अचानक दम्याचे ढीगभर रुग्ण इस्पितळांत येत. शोध घेता घेता कळलं की बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवण्याचे ते दिवस होते. दाण्याच्या टरफलाच्या धुळीत तो अँटिजेन होता. सायलोवर फिल्टर बसवले आणि साथ थांबली.

पॉलिपच्या बाबतीत असा सरळ धागा दाखवता येत नाही. धुळीच्या कामात अस्तर दुखावतं, आणि ज्याच्या नाकात ते वर्तुळ आधीच फिरतंय त्याचा त्रास वाढतो. पोती उघडताना आणि चाळण लावताना चांगला मास्क लावा, रुमाल पुरत नाही. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीत जाणाऱ्या नाकवाल्यांनाही हेच. राजवाड्यावर तोफांनी उडवलेला गुलाल किती सुंदर दिसतो ते मला माहीत आहे, पण घरी आल्यावर नाक धुवा.

ऑपरेशनमध्ये बुरशी निघाली म्हणाले. २०२१ मध्ये जी काळी बुरशी आली होती तीच का? घरात सगळे घाबरलेत.

ती नव्हे. घाबरणं स्वाभाविक आहे, त्या वर्षी उन्हाळ्यात एमवाय इस्पितळात म्युकरमायकोसिसचे वॉर्ड भरलेले इंदूरने पाहिलेत. पण म्युकर ऊतीत घुसते, रक्तवाहिन्या बंद करते, आणि दिवसांच्या हिशेबात डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत पोहोचू शकते. साखर फार वाढलेल्यांना आणि जास्त स्टेरॉइड झालेल्यांना तिचा धोका. तिथे प्रतिकार कमी पडलेला असतो.

तुमच्याकडे बहुधा ऍलर्जिक फंगल सायनसायटिस आहे. यात बुरशी, भारतात बऱ्याचदा ऍस्परजिलस फ्लेव्हस, नुसती श्लेष्म्यात पडून असते, ऊतीत शिरत नाही. शरीर तिच्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चिडतं. आयजीई खूप वाढतं, पॉलिप येतात आणि सायनसमध्ये तपकिरी, घट्ट, ओढून काढावा लागेल इतका चिवट श्लेष्मा साचतो. सीटीवर त्याच्या आत दाट-पातळ असे दोन रंग दिसतात. बेंट आणि कून यांनी १९९४ मध्ये यासाठी पाच निकष मांडले, तेच आजही वापरात आहेत. उत्तर भारतात आणि उष्ण हवामानात हा प्रकार जास्त, रुग्ण पुष्कळदा तरुण. उपचार म्हणजे ऑपरेशनने तो श्लेष्मा पूर्ण साफ करणं आणि मग स्टेरॉइडने प्रतिकार आवरणं.

त्या चिवट श्लेष्म्यात सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार, लांबट स्फटिक दिसतात. शार्को आणि लायडन यांच्या नावाने ते एकोणिसाव्या शतकापासून ओळखले जातात, आणि दीडशे वर्षं त्यांना इओसिनोफिल मेल्याची निव्वळ खूण समजत होते. २०१९ मध्ये गेंटच्याच मंडळींनी दाखवलं की गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे हे स्फटिक स्वतःच दाह पेटवतात. प्रथिन विरघळलेलं असताना काही करत नाही, स्फटिक झालं की करतं.

मग साध्या पॉलिपमध्येही बुरशीचं औषध का देत नाहीत?

देऊन पाहिलंय. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून असा विचार पुढे आला की सगळ्याच दीर्घ सायनसच्या मुळाशी बुरशी आहे. नंतर ऍम्फोटेरिसिन-बीने नाक धुण्याच्या मोठ्या चाचणीत काही फायदा दिसला नाही. विषय तिथे बराचसा मिटला.

ऑपरेशन झालं, पैसे गेले, थोड्याच वर्षांत परत पॉलिप. डॉक्टरांनी नीट काढला नव्हता का?

बहुतेक वेळा नीटच काढलेला असतो. हिप्पोक्रेटिसच्या काळात स्पंजला दोरे बांधून तो घशाकडून ओढत पॉलिप उपटायचे. आज ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी घालून दिलेल्या वाटेने दुर्बिणीतून सायनसची तोंडं नाजूकपणे उघडतात. मधल्या काळात कौशल्य कुठल्या कुठे गेलं, पण अस्तर तेच राहतं. बेल्जियममध्ये रुग्णांचा बारा वर्षं पाठपुरावा केला, त्यात सुमारे ७९ टक्के लोकांत पॉलिप परत आले आणि ३७ टक्के लोकांवर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं.

का, याचं मला सर्वांत पटणारं उत्तर २०१८ मध्ये बोस्टनमधून आलं. संशोधकांनी पॉलिपमधल्या हजारो पेशी एकेक करून वाचल्या. अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळ पेशींत, ज्यांच्यापासून वरचा सगळा थर तयार होतो, इंटरल्यूकिन-४ आणि १३ ची आठवण कोरलेली सापडली. या पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत वाढवल्या तरी ती खूण जात नव्हती. स्मरण ही टी आणि बी पेशींची मक्तेदारी, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. इथे चक्क अस्तरच आजार लक्षात ठेवतंय. नवीन उगवणारा थर मग जुन्याच सवयीने वाढतो.

म्हणून ऑपरेशनकडे दार उघडण्याचं काम म्हणून पाहा. त्यानंतर स्प्रे आणि पाणी सायनसच्या आतपर्यंत पोहोचतं, आधी ते पॉलिपवरच अडत होतं. ऑपरेशननंतर औषध बंद करणाऱ्याने अर्धे पैसे पाण्यात घातले असं मी म्हणेन. ऐकायला कडू आहे, पण डिस्चार्ज देताना हे स्पष्ट सांगितलं जात नाही ही माझी तक्रारच आहे.

स्प्रेची सवय लागते म्हणतात.

कुठल्या स्प्रेची? नाक क्षणात उघडणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलीन वा ऑक्सिमेटाझोलीन, ओट्रिविन हे त्यातलं घरोघरी माहीत असलेलं नाव, यांची लागते. पाच-सात दिवसांपुढे वापरले तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस बाटली उशाशी घेऊन झोपू लागतो.

स्टेरॉइडचा स्प्रे वेगळा. मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांचा रक्तात पोहोचणारा अंश अत्यल्प असतो, सवय लागत नाही. तो लगेच काही करत नाही, म्हणून लोक चार दिवसांत सोडतात. पेशींच्या केंद्रकात जाऊन दाहाची जनुकं मंदावणं आणि इओसिनोफिलना मरू देणं, याला आठवडे लागतात. मारताना उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, बाटलीचं तोंड कानाकडे ठेवून मारा. सरळ मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं आणि औषधाला दोष लागतो.

गोळीचं स्टेरॉइड घेतलं की दोन दिवसांत वास येतो. मग तेच का घेऊ नये?

वास परत येणं म्हणजे वासाच्या पेशी जिवंत आहेत, दाहाने झाकल्या होत्या, हे कळलं. चांगली बातमी आहे. पण गोळी बंद केली की काही आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. वर्षातून एखादा छोटा कोर्स डॉक्टर देतात. वारंवार घेतल्यास साखर, हाडं, डोळ्यातला मोतिबिंदू, रक्तदाब, सगळ्यांवर भार येतो. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणणाऱ्यांत मधुमेही लोकही असतात. हे बंद व्हायला हवं.

कॉम्बिफ्लाम घेतली आणि अर्ध्या तासात नाक गच्च, छातीत घरघर. योगायोग असेल ना?

तसं धरून चालू नका आणि ती गोळी पुन्हा घेऊन पाहू नका. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

पॉलिप, दमा आणि ऍस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी येणारा झटका, हे त्रिकूट १९२२ मध्ये फ्रान्समध्ये विदाल यांनी प्रथम नोंदवलं आणि १९६८ मध्ये सॅम्टर आणि बीअर्स यांनी प्रसिद्धीला आणलं. ही ऍलर्जी नाही, आयजीईचा यात हात नसतो. ऍस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन कॉक्स-१ हे एन्झाइम अडवतात. त्यातून तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन-ई२ हा ल्यूकोट्रायीन या दाह पेटवणाऱ्या रेणूंवरचा लगाम असतो. या रुग्णांत तो लगाम आधीच सैल असतो, गोळीने तोही सुटतो, आणि ल्यूकोट्रायीनचा लोंढा नाक आणि श्वासनलिका आवळतो. म्हणून एकाच गोळीची नव्हे तर या यंत्रणेच्या सगळ्याच गोळ्यांची बाधा होते: डिस्प्रिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक. अशांपैकी अनेकांना दारूच्या एका पेगनेही नाक गच्च होतं. पॅरासिटॅमॉल नेहमीच्या मात्रेत बहुतेकांना चालतं, तेही विचारून.

हृदयासाठी ऍस्पिरिन चालू असलेल्यांनी हे वाचून ती गोळी परस्पर बंद करू नये. आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोला.

रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेत. म्हणजे पॉलिपमुळेच?

भारतात हा निष्कर्ष घाईचा ठरतो. जंत, फायलेरिया, दमा, काही औषधं, यांनीही ते वाढतात. शौच तपासणी स्वस्त आहे, ती आधी करा. जपानी डॉक्टर २०१५ पासून एक गुणपद्धत वापरतात. तीत दोन्ही बाजूंना आजार, पॉलिप, सीटीत एथमॉइडवर जास्त छाया आणि रक्तातले इओसिनोफिल यांना गुण देतात, ११ वा अधिक झाले तर इओसिनोफिलवाला आजार समजतात.

इओसिनोफिल प्रचंड वाढलेत, दमा आहे, आणि पायात मुंग्या वा पाऊल लुळं पडतंय, तर मात्र थांबू नका. रक्तवाहिन्यांच्या दाहाचा एक दुर्मीळ आजार असा सुरू होतो.

त्या नव्या इंजेक्शनांनी मुळापासून बरं होतं का?

मुळापासून नाही, पण पॉलिपच्या इतिहासात एवढं नेमकं औषध यापूर्वी नव्हतं. वर ज्या रेणूंची नावं आली तीच इथे निशाण्यावर आहेत. डुपिलुमॅब हे इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांचा सामाईक रिसेप्टर बंद करतं. अमेरिकेत पॉलिपसाठी त्याला जून २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ओमॅलिझुमॅब आयजीईला पकडतं, मान्यता २०२० ची. मेपोलिझुमॅब इंटरल्यूकिन-५ ला, २०२१ ची. टीएसएलपी अडवणाऱ्या टेझेपेलुमॅबच्या मोठ्या चाचणीचे चांगले निकाल २०२५ मध्ये आले.

मला यात गंमत वाटते ती क्रमवारीची. इंटरल्यूकिन-५ अडवलं की रक्तातले इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे होतात, तरी पॉलिप आणि वास यांवरचा परिणाम डुपिलुमॅबचा अधिक दिसतो, आणि डुपिलुमॅबने रक्तातले इओसिनोफिल सुरुवातीला काहींत वाढतातसुद्धा. म्हणजे ज्या पेशीला आम्ही मुख्य आरोपी धरलं होतं ती एकटी जबाबदार नाही, अस्तरावरचा इंटरल्यूकिन-४ आणि १३ चा परिणाम जास्त मोलाचा आहे. इंजेक्शन थांबवलं की बऱ्याच जणांत त्रास परततो, ती तळपेशींतली आठवण इथेही आडवी येते.

कुणाला द्यायचं याचे युरोपीय निकष २०२० मध्ये ठरले आणि २०२३ मध्ये सुधारले. दोन्ही बाजूंना पॉलिप, आधी ऑपरेशन झालेलं, आणि पुढच्या पाचांपैकी तीन: दुसऱ्या प्रकारच्या दाहाचा पुरावा (रक्तात दर मायक्रोलिटरला इओसिनोफिल १५० वा जास्त, किंवा आयजीई १०० वा जास्त, किंवा ऊतीत इओसिनोफिल), वर्षात दोन वा अधिक स्टेरॉइड कोर्स, जगणं बरंच बिघडलेलं, वास गेलेला, सोबत दमा. खर्च मध्यमवर्गीय घराला महिनोन्‌महिने पेलणारा नाही. म्हणून आपल्याकडे स्प्रे, नाक धुणं आणि नीट केलेलं ऑपरेशन हाच पहिला रस्ता राहतो, आणि पुष्कळांना तो पुरतो.

जलनेती चालेल?

चालेल, फायदाच आहे. पाणी नर्मदेचं असो की बोअरिंगचं, उकळून कोमट केलेलंच घ्या. नळाच्या कच्च्या पाण्यातून नेग्लेरिया नावाचा अमिबा मेंदूत गेल्याच्या दुर्मीळ पण जीवघेण्या घटना जगात घडल्या आहेत. पाव लिटर पाण्याला साधारण अर्धा छोटा चमचा मीठ. साध्या पाण्याने नाक झोंबतं. स्प्रे नाक धुतल्यानंतर मारा, आधी नाही.

दही, केळी, थंड पाणी बंद करू?

पॉलिपसाठी नाही. शिकंजी प्या.

कडू खाल्ल्याने सायनस साफ होतो, हे कुठेतरी वाचलं.

अर्धवट खरी गोष्ट फिरत फिरत इथवर आली. जिभेवर असतात तसे कडू चव ओळखणारे रिसेप्टर नाकाच्या अस्तरावरही असतात. त्यांतला टी२आर३८ हा काही जंतूंचे आपसातले रासायनिक निरोप ओळखतो आणि जंतू मारणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सोडायला लावतो, हे २०१२ मध्ये दिसलं. पण कारल्याची भाजी नाकाच्या अस्तरापर्यंत पोहोचत नाही. आवडत असेल तर खा.

पॉलिप फक्त एकाच बाजूला आहे, म्हणजे आजार सौम्य?

उलट, जास्त काळजीचं. दुसऱ्या प्रकारचा दाह सहसा दोन्ही बाजूंना असतो. एकाच बाजूची गाठ, रक्त येणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, एक वस्तू दोन दिसणं, अशा वेळी सीटी आणि बायॉप्सीशिवाय कुणीही पॉलिप म्हणू नये. लहान मुलांत पॉलिप दिसला तर सिस्टिक फायब्रोसिस हा घट्ट श्लेष्म्याचा आनुवंशिक आजार तपासतात.

मला आहे, मुलांनाही होईल का?

शक्यता वाढते, पण होईलच असं नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळींच्या नोंदींवरून, पॉलिपच्या रुग्णाच्या आईवडील, भावंडं, मुलं यांना धोका साधारण चौपट निघाला. आजार बहुतेक मोठेपणी येतो, त्यामुळे शाळकरी मुलाला आत्ताच नाकाच्या तपासण्यांना नेण्याची गरज नाही.

आनुवंशिकतेच्या शोधात एक उलटी गोष्टही सापडली. आइसलँडच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की एएलओएक्स-१५ या जनुकाची एक नादुरुस्त प्रत ज्यांच्याकडे असते त्यांना पॉलिप होण्याचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी असतो. हे जनुक ज्या एन्झाइमचं आहे ते अस्तराच्या पेशींत इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांच्याच सांगण्यावरून वाढतं. ते औषधाने अडवता आलं तर काय होईल, यावर आता कामं चालू आहेत.